दुमडीवरची रेघ

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. उन्हाळ्यात तर विचारूच नका. आमची खोली सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर पत्रा, पंखा नुसती गरम हवा इकडून तिकडे ढकलणारा, आणि खोलीत मी, माझ्या दोन मुली आणि दोनशे चौदा जुने कपडे. मुली चाळीस दिवसांसाठी आलेल्या. कपडे कायमचे.

जुने म्हणजे माझ्या लग्नातले वगैरे नव्हेत, माझ्या जन्माच्याही आधीचे. शिंपल्याच्या बटणांचे ब्लाउज, बाजूला पितळी चेन असलेले फ्रॉक, कोपरावर रफू केलेले कोट. मी ते फारसे घालत नाही, घालायला तेवढी कंबर तरी हवी ना! मी ते धुते, सांधते, सावलीत वाळवते आणि उलटे करून आतून बघत बसते. लोक कपडा बाहेरून बघतात. जुना कपडा आतून बघायचा असतो. कुणी किती जाड झालं, कुणाचा उजवा खांदा उतरता होता, कोणती बाई हाताला येईल तो धागा सुईत ओवायची, सगळं आत लिहिलेलं असतं. नव्या कपड्याला आतून काही म्हणजे काही नसतं.

दिवसा मी एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसते. पँट आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल. मालकांना मी इस्त्रीकाका म्हणते. माझ्या जुन्या कपड्यांना ते ‘तुझी भुतावळ’ म्हणतात. म्हणोत बापडे. सुट्टीत मुलींना सोबत आणू देतात, एवढं पुष्कळ झालं.

आता मुद्द्याचं सांगते. गेल्या वर्षी माझं स्वतःचं शिवणाचं दुकान बसलं आणि राहती जागाही गेली. तेव्हा मुलींनी एक वर्ष बाबाकडे राहायचं असं ठरलं. एकच वर्ष. मी ते त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. वर्षभरात मी नोकरी धरली, ही खोली धरली, दोन छोटे पलंग आणले. मग मुली सुट्टीला यायच्या आधी त्याचा फोन आला.

“थोरलीलाच विचारू या,” तो म्हणाला. “मी न्यायला येईन त्या रविवारी. तुझ्यासमोर विचारू. ती म्हणेल तिथं दोघी राहतील. त्यांची ताटातूट नको.”

मी म्हटलं, बरं.

माणूस वाईट नाही, हीच तर पंचाईत आहे. त्याची बायकोही वाईट नाही. मुली तिला मावशी म्हणतात. ती त्यांच्या वेण्या घालते, त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेते, शाळेच्या वह्यांना कव्हरं घालते. वाईट असती तर निदान बसल्याजागी चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. ती सोयच नाही.

मुली आल्या त्या दिवशी मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? जेवलात का, नाही. प्रवासात उलटी झाली का, नाही. मी विचारलं, “फ्रॉक कुठंय?”

“कुठला?” थोरली म्हणाली.

“अगं, कुठला काय! हिरवा.”

“तो होय. तिकडेच आहे. धुवायला टाकलाय.”

हा हिरवा फ्रॉक मी गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी तिच्यासाठी शिवला होता. मूळचा एका मोठ्या बाईचा, साठेक वर्षांपूर्वीचा. पांढरे बारीक ठिपके, गळ्याला कातरी कॉलर, पाठीवर तीन काचेची बटणं. खालचा घेर कसरीनं खाल्लेला होता, तेवढा काढून टाकला आणि उरलेल्यात माझी पोर बसवली. खाली दुमड ठेवली तिहेरी, एकीवर एक, प्रत्येकीला वेगळा धागा. दरवर्षी एक धागा ओढायचा, की दोन बोटं लांबी सुटते. पूर्वीच्या आया असंच करायच्या. बारा वर्षांची होईपर्यंत पोरगी त्याच फ्रॉकात वाढली पाहिजे. शेवटचं काज मी भरत होते तेव्हा खाली त्याच्या गाडीचा हॉर्न वाजत होता.

मग वर्षभर फोनवर माझं तेच टुमणं. फ्रॉक घालतेस का गं? घालते. होतो का? होतो. पहिली दुमड सोडली का? हो, मावशीनं सोडून दिली. त्या दिवशी लाँड्रीत मी इस्त्रीकाकांना चहा पाजला. म्हटलं, पोरगी वाढतेय, माझ्या कपड्यात वाढतेय. काका म्हणाले, “मग रडतेस कशाला?”

धाकटी सहा वर्षांची. दिवसभर गुणगुणत असते म्हणून तिला आम्ही भुंगी म्हणतो. भुंगीला माझी भुतावळ फार प्रिय. सकाळी उठली की अंगात चड्डी आणि डोक्यावर केसाळ थंडीची टोपी. हातात कोपरापर्यंतचे पांढरे मोजे घालून ती कलिंगड खायची. ओरडून ओरडून माझा घसा बसला, ती आपली ढिम्म.

थोरलीचं मात्र वेगळं. पहिल्या आठवड्यात तिनं एकाही कपड्याला हात लावला नाही. पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसायची आणि रॅकपासून चार हात लांब राहायची.

“आई, हे सगळे मेलेल्या बायकांचे आहेत ना?”

“सगळ्या नाही मेल्या.”

“पण बऱ्याचशा.”

“मग काय झालं? कपडे तर जिवंत आहेत!”

तिनं माझ्याकडे नुसती नजर टाकली. दहा वर्षांच्या पोरीला इतकी समजूतदार नजर नसावी खरं तर. आगाऊपणा केला असता तर दोन धपाटे तरी घातले असते.

रविवारी आम्ही तिघी बाजारात गेलो. तिथं एक बाई जुन्या कपड्यांची गाठोडी सोडून बसते. तिला मी गाठोडेवाली म्हणते, ती मला ‘नखरेवाली’ म्हणते, कारण मी दहा कपडे उलटे करते आणि एक घेते. त्या दिवशी तिच्या गाठोड्यात एक लहान मुलीचा निळा फ्रॉक निघाला. मी सवयीनं खालची दुमड उलटी केली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “तीन वर्षं घातलाय बघ पोरीनं.”

“तुला कसं कळलं?” थोरली पहिल्यांदाच जवळ आली.

“ह्या रेघा बघ. जिथं दुमड होती तिथं धार असते. धार घासते, विटते, तिच्यात मळ बसतो. दुमड सोडली तरी रेघ राहते. कितीही धू, जात नाही. एक रेघ म्हणजे एक वर्ष.”

तिनं बोट फिरवलं. एक, दोन, तीन. “आणि इथं चौथी दुमड आहे, ती सोडलीच नाही.”

“हं.”

“का नाही सोडली? मुलगी मेली?”

गाठोडेवाली खो खो हसली. मी म्हटलं, “अगं, जाड झाली असेल! काखेत बघ, किती ताणलंय. उंची पुरली, घेर पुरला नाही.”

थोरलीनं काख बघितली आणि हसली. खरंच हसली, दात दाखवून. मी तो फ्रॉक लगेच घेतला, नखरे न करता.

त्यानंतरचे वीस-बावीस दिवस मी काय सांगू! सकाळी डोळे उघडले की पोरगी म्हणायची, “आज कोणता वाचायचा?” वाचायचा, असंच म्हणायची. ती कोट जमिनीवर पसरायची, भुंगी बाजूला बसून गुणगुणायची, आणि मी चहा घेता घेता परीक्षा घ्यायची. ह्या खिशाचं अस्तर का फाटलं? चाव्या ठेवायचा. बरोबर. डावीच बाही का झिजली? डावखुरा होता. किंवा? किंवा... डावा हात टेबलावर टेकून उजव्यानं लिहायचा! शाब्बास! एका ब्लाउजच्या बाहीत तिला रुमालाच्या घडीचा डाग सापडला, जो मला चार वर्षांत दिसला नव्हता. मला इतका आनंद झाला की मी तिचा मुकाच घेतला. तिनं घेऊ दिला.

दुपारी आम्ही खिडकीला ओल्या चादरी बांधायचो आणि फरशीवर पालथ्या पडून राहायचो. लाँड्रीत मी तिला काजं शिकवली. माझी पद्धत जरा उलटी आहे. बाकीचे आधी कापड चिरतात, मग कड भरतात. मी आधी सगळं टाक्यांनी भरून घेते आणि अगदी शेवटी मधली फट कापते. म्हणजे कापड उसवत नाही. “पण मग कापायचं विसरलीस तर?” थोरलीनं विचारलं. काका म्हणाले, “मग गिऱ्हाईक येऊन डोक्यावर मिऱ्या वाटतं.” आम्ही सगळेच हसलो.

मी मूर्ख. मला वाटायला लागलं, जमलं. ही आता राहते. मी मनातल्या मनात शाळेचा रस्तासुद्धा ठरवला. दोन रस्ते ओलांडायचे, दुसऱ्याला सिग्नल आहे.

शेवटच्या आठवड्यात एक दिवस मी टाचा घासायला न्हाणीघरात वजरी उचलली, तर तिच्या भोकाभोकांत हिरवे तंतू अडकलेले. माझा पारा चढला.

“भुंगे! माझी वजरी कशाला घासलीस? आणि कशावर?”

“मी नाही गं!”

“मग काय वजरी आपली आपण चालत गेली?”

“मी नाही, मी नाही, मी नाही!” भुंगीनं भोकाड पसरलं. थोरली खाली मान घालून ओल्या टॉवेलची घडी घालत होती. घडी करून पुन्हा मोडत होती. मी भुंगीला एक धपाटा दिला आणि विसरून गेले. आता तो धपाटा मला रोज आठवतो.

रविवार उजाडला. तो दहा वाजता येणार होता. दूध उतू घालवलं, भुंगीचा एक बूट शोधता शोधता कोटांची एक रांग पाडली आणि त्या कोटांनाच शिव्या घातल्या. एवढ्यात थोरली न्हाणीघरातून बाहेर आली. अंगात हिरवा फ्रॉक.

“अगं बाई!” मी म्हटलं. “हा तर तिकडे होता ना?”

“बॅगेतच होता. तळाशी. मला माहीतच नव्हतं.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “बघ, दुमड सोडलीय. रेघ पण आली.”

तिनं फ्रॉकचा काठ उचलून माझ्या हातात दिला. रेघ होती. पांढुरकी, सरळ. माझा जीव भांड्यात पडला. वर्षभर घातला माझ्या पोरीनं! मी गुडघे टेकून बसले आणि सवयीनं, देवाशपथ नुसत्या सवयीनं, काठ उलटा केला.

आतल्या बाजूला रेघ नव्हतीच. आत कापड कोरं होतं, मी कापलं त्या दिवशीसारखं. मळ नाही, विटणं नाही. बाहेरच्या बाजूला मात्र कुणीतरी धारेवरून काहीतरी खरखरीत फिरवलं होतं. इतका जीव लावून, इतक्या नेटकेपणानं, की एकही धागा तुटला नव्हता. कोपराजवळच्या बाह्याही तशाच घासलेल्या. उजवी जरा जास्त, कारण ती उजव्या हातानं लिहिते. मीच शिकवलं होतं.

वजरी.

मी काठ पुन्हा सुलटा केला. ती वरून माझ्याकडे बघत असणार.

“चांगली आलीय ना रेघ?” तिनं विचारलं.

“झकास,” मी म्हटलं. “पहिल्या वर्षाची अशीच येते.”

“मागची बटणं लाव ना. मला पोचत नाहीत.”

ती वळली. बरं झालं वळली. मी खालचं बटण लावलं; आत काही पिवळं दिसलं, मला शमीजच वाटली. छातीत फ्रॉक आवळत होता, पोरगी रुंद झाली होती. मधलं लावलं. वरचं लावायला गेले, तर बटण जाईना. बघते तर काज भरलेलं, टाके सगळे एकासारखे एक, आणि मधे फट नाही. मी कापलंच नव्हतं. हॉर्न वाजत होता, आणि मी कापायचंच विसरले होते.

म्हणजे एक दिवसही नाही. वर्षभरात एकदासुद्धा हा फ्रॉक तिच्या अंगावर धड लागला नव्हता. घालते, होतो, मावशीनं सोडली. पोरगी वर्षभर फोनवर माझी समजूत घालत होती, आणि ते कमी पडेल म्हणून आता वजरी घेऊन न्हाणीघरात बसली होती. राहायचं असतं तर कशाला केलं असतं हे? जी पोर इथं राहणार आहे, तिला फ्रॉक घातला नाही म्हणून आई रागावली तरी चालतं. आज रागावली, उद्या विसरली. जाणारं माणूसच असं निगुतीनं काहीतरी करून ठेवतं.

“काय झालं?” ती म्हणाली. पाठ ताठ झाली होती तिची.

“काही नाही. धागा लोंबतोय.”

मी गळ्यातली छोटी कात्री घेतली, आणि तिच्या मानेखाली, एवढ्याशा जागेत, काज कापलं. कच्च असा आवाज झाला. बटण आत सरकवलं. मग तिच्या मानेवर फुंकर घातली, तंतू उडवायला. तंतू नव्हताच.

“झालं,” मी म्हटलं.

तो वेळेवर आला. नेहमी येतो. बूट काढून आत आला, कोटांच्या रांगेकडे बघून “वाढले वाटतं” म्हणाला, भुंगीला उचलून घेतलं. मी पाणी दिलं. तो एका पलंगाच्या कडेवर बसला, त्या नव्या, छोट्या पलंगाच्या, आणि त्याला घाम फुटला होता. त्यालाही हे सोपं नव्हतं, एवढं मी कबूल करते.

“मग, बाळा,” तो थोरलीला म्हणाला, “आपलं बोलणं झालं होतं ना? तुला काय वाटतं ते सांग. कुणी रागावणार नाही.”

थोरली माझ्या पुढ्यात उभी होती, पाठ माझ्याकडे. तीन काचेची बटणं माझ्या नाकासमोर. तिनं श्वास रोखून धरला होता, बटणं ताणली होती. मला माहीत होतं ती काय म्हणणार. आणि हेही माहीत होतं की कदाचित ती म्हणणारच नाही. माझ्या तोंडाकडे बघेल आणि ‘इथं’ म्हणेल. वजरी घेऊन बसणारी पोर होती ती. वर्षभर इथं राहून वर्षभर तशीच घासत बसली असती. माझ्या मनात आलं, गप्प बस. नुसतं गप्प बसलीस तरी तुला मिळेल. मी खोटं बोलत नाही, दोन-तीन क्षण मी गप्प बसलेच.

“काय विचारतोस तिला?” मी ओरडलेच जवळजवळ. “शाळा तिकडे, मैत्रिणी तिकडे. आणि इथं ह्या भट्टीत पोरी भाजून निघतात. तिकडेच राहू देत. सुट्टीत येतील.”

“अगं, पण तूच तर—”

“मी सांगते ना!”

थोरलीनं श्वास सोडला. तिन्ही बटणं एकदम सैल पडली. पाठीवरचं कापड खाली आलं. एवढ्या जवळून बघत होते मी, न दिसून कसं चालेल?

मग तिनं वळून मला मिठी मारली, घट्ट. भुंगीनं केसाळ टोपी नेऊ का विचारलं. मी म्हटलं, ने बाई. जिन्यात ती गुणगुणत उतरली, तो आवाज खालच्या दारापर्यंत येत होता.

मी खिडकीतली ओली चादर बाजूला केली. गाडी निघाली आणि कोपऱ्यावरच्या सिग्नलला थांबली, तोच सिग्नल, शाळेच्या रस्त्यावरचा. मागची काच खाली होती. आत थोरलीचे दोन्ही हात वर गेले, थोडी झटापट झाली आणि डोक्यावरून हिरवं काहीतरी निघालं. खाली तिचा नेहमीचा पिवळा टी-शर्ट होता. घालूनच आली होती आतून.

म्हणून आवळत होता तर.

“बरं केलंस गं,” मी खिडकीतूनच म्हटलं. “गुदमरली असतीस.”

दिवा बदलला. मी आत आले. दुपारी इस्त्रीकाकांकडच्या चार पँटी आखूड करायच्या होत्या.